बरगीच्या पाण्यावर चार दिवस आणि बोटीच्या सोलरचे दोन हिशोब

पाण्यावर राहायचं वेड माझं नव्हतं. ते माझ्या नवऱ्याचं, प्रकाशचं. (घरात मी त्यांना 'अहो' म्हणते, पण इथे लिहिताना प्रकाशच बरं वाटतं.) तो सरकारी शाळेत इतिहास शिकवायचा. निवृत्त झाल्यापासून सकाळच्या चहाला एकच विषय असायचा. नर्मदेवरच्या बरगी धरणाच्या पाण्यावर एक बोट घ्यायची, वर पत्र्याचं छत घालायचं, छतावर सोलर लावायचं आणि विजय नगरचं घर भाड्याने देऊन तिथेच राहायचं. मी खमरियाच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल सेक्शनला होते. डिप्लोमा करून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यामुळे स्वप्न त्याचं आणि हिशोब माझा, अशी आमची वाटणी आपोआपच झाली.

"नंदा, बोटीला सोलर किती लागेल ते सांग ना."

"काय काय चालवाल बोटीवर?"

"घरी चालते तेच."

"मग बोट नाही, जहाज लागेल तुम्हाला."

तो हसला, पण विषय सोडला नाही. शेवटी डिसेंबरमध्ये, मटारचे ढीग हातगाड्यांवर यायला लागले तेव्हा, मी म्हटलं की खुर्चीत बसून आकडे निघत नाहीत. चार दिवस जाऊन राहू, मोजू, मग बोलू. मनात म्हटलं, चार दिवसांत थंडी वाजेल, कंबर धरेल आणि बोटीचं भूत उतरेल.

बोट मिळाली ती प्रकाशच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीने. मालक मुन्ना बर्मन, धरणाच्या पाण्याकाठच्या एका वस्तीत राहतो. पूर्वी तो याच बोटीतून पलीकडच्या गावांची माणसं, सायकली, बकऱ्या न्यायचा. आता तिकडे रस्ता झाला आणि बोट काठाला बांधून पडली. मागच्या बाजूला पत्र्याची एक खोली, तीत दोन फळ्या झोपायला, एका कोपऱ्यात शेगडी ठेवायची जागा. फोनवर त्याने दिवसाचं भाडं सांगितलं ते शहरातल्या साध्या लॉजच्या खोलीपेक्षा कमीच होतं. जेवणाचं सामान आपलं. तुम्ही जाणार असाल तर एक सांगते, तिथे पाण्यावर मुक्काम करायला कोणाला विचारावं लागतं ते आधी नीट चौकशी करून घ्या. आमच्यासाठी ते मुन्नाने केलं होतं.

आम्ही सोबत काय नेलं? एकशे साठ वॅटचं एक पॅनेल, शंभर अँपिअर-तासाची एक लिथियम बॅटरी, चार्ज कंट्रोलर, तीन एलईडी दिवे, बारा व्होल्टवर चालणारा एक पंखा, प्रकाशचा छोटा टीव्ही आणि माझ्या भाच्याकडून मागून आणलेला, ट्रकमध्ये बसवतात तसला इवलासा फ्रिज. शेजारच्या काकूंनी फाटकातून विचारलं, "काहून, घर बदलून राहिले का?" प्रकाशने ऐटीत सांगितलं, "तालीम आहे काकू, तालीम."

विजय नगरहून निघून शहर ओलांडलं, तिलवाराच्या पुलावर नर्मदेला हात जोडले आणि नागपूरच्या रस्त्याला लागलो. रस्ता चांगला आहे, गाडी आपली असेल तर तासा-सव्वा तासात धरण येतं. मुख्य रस्ता सोडल्यावर वेग कमी करावा लागतो. भाजी, दूध, मेणबत्त्या, दोर, जे काही आठवेल ते बरगी नगरच्या दुकानांतच घ्या. पुढे फक्त बिस्किटं मिळतात. एका टपरीवर आम्ही पोहे आणि जिलेबी खाल्ली. टपरीवर पाच-सहा माणसं गप्पा मारत होती. प्रकाश त्यांच्यात दहा मिनिटांत असा मिसळला की त्याला ओढून गाडीत बसवावं लागलं.

मग पाणी दिसलं. नर्मदा मी जन्मापासून बघते आहे. ग्वारीघाटावर दिवे सोडणारी माणसं, फुलांच्या टोपल्या, नावाड्यांच्या हाका, अशीच मला ती माहीत होती. इथे कोणीच नव्हतं. पलीकडचा काठ निळसर आणि मधे नुसतं पसरलेलं पाणी.

मुन्नाने बोट काठापासून थोडी आत, एका टेकडीच्या आडोशाला नेली आणि नांगर टाकला. तिथून त्याचं घर दिसत होतं. जोरात हाक मारली तर ऐकू जाईल इतक्याच अंतरावर. "दीदी, जैकेट उतारना मत," त्याने बजावलं. मला पोहता येत नाही हे त्याला मी आधीच सांगितलं होतं. ये-जा करायला त्याने एक डोंगी, म्हणजे छोटी होडी, बोटीला बांधून ठेवली आणि वल्हं प्रकाशच्या हातात दिलं.

दुपारभर मी छतावर होते. खाली प्रकाश फळीवर पडून सूचना देत होता.

"थोडं दक्षिणेकडे तिरपं कर ना. घरावर तसंच लावतात."

"घर फिरत नाही. बोट फिरते."

ही गोष्ट मलाही तिथे गेल्यावरच पटली. नांगरावरची बोट वाऱ्याने हळूहळू वळत राहते. सकाळी दक्षिणेकडे केलेलं पॅनेल दुपारी पूर्वेला तोंड करून बसतं. म्हणून बोटीवर पॅनेल सपाट ठेवायचं, आणि तिरपं न केल्याने जे कमी पडेल तेवढं जास्तीचं धरायचं. पत्र्याला चिकटवूनही लावू नये. खालून हवा खेळली नाही तर पॅनेल तापतं आणि वीज कमी देतं. मी चार लाकडी ठोकळे घालून ते उचललं. बॅटरीजवळ फ्यूज टाकला आणि वायर जाड घेतली, कारण बारा व्होल्टला बारीक वायर म्हणजे गळकी बादली.

एवढं करून दुसऱ्या दिवशी भर दुपारी मीटर बघते तर तीन अँपिअर. सात-आठ यायला हवे होते. कनेक्शन सगळी पुन्हा तपासली. मग लक्षात आलं, मुन्नाने झेंडा लावायला बांधलेल्या बांबूची सावली पॅनेलवर पडली होती. हाताएवढी रुंद सावली आणि निम्म्याहून जास्त वीज गेली. बांबू काढून मागे बांधला, आकडा साडेसातवर गेला. बोट ठरवताना छतावर काय काय उभं आहे ते आधी बघा, वॅट नंतर.

तरी त्या संध्याकाळपर्यंत बॅटरी पुरती भरली नाही. सकाळी धुकं इतकं दाट होतं की दहा वाजेपर्यंत पॅनेलने डोळाच उघडला नव्हता. आणि प्रकाशचा टीव्ही चालू होता. त्यावर चॅनेल काही लागत नव्हतं, तो पेन ड्राइव्हवरच्या जुन्या मॅच बघत होता. दूध टिकावं म्हणून फ्रिजही चालू.

"टीव्ही बंद करता का? बॅटरी उतरून राहिली."

"मग करू काय नंदा? पेपर नाही, फोनला रेंज नाही."

रेंज होती, पण फक्त बोटीच्या पुढच्या टोकाला. तो तिथे जाऊन उभा राहिला आणि पुण्यात राहणाऱ्या आमच्या मुलीला, दोन मित्रांना आणि मेव्हण्याला फोन करून आला. प्रत्येकाला सांगत होता, "स्वर्ग आहे यार, स्वर्ग!" मग आत येऊन जांभई देत बसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो पेपर आणतो म्हणून डोंगी घेऊन काठावर गेला. मुन्नाच्या मोटरसायकलवर बसून बरगी नगरला गेल्याचं मला नंतर कळलं. जाताना म्हणाला, "आलोच." आला थेट दुपार कलल्यावर.

आणि त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा एकटी होते.

हे वाचून कोणाला वाटेल, त्यात काय एवढं? पण आठवून बघितलं तर खरंच होतं ते. लहानपणी खमरियाच्या क्वार्टरमध्ये आम्ही सहा भावंडं, आजी आणि भंडाऱ्याकडून नोकरी शोधायला आलेला कोणी ना कोणी पाहुणा. मग कारखाना, शेडमध्ये शंभर माणसं आणि यंत्रांचा धडधडाट. लग्नानंतर सासू-सासरे, मग मुलगी. निवृत्तीनंतर प्रकाश, दिवसभर. सगळी माझी माणसं, सगळी चांगली. कोणाबद्दल तक्रार नाही. पण दुसऱ्या कोणाचं पाऊल न वाजणारी दुपार मी कधी ऐकलीच नव्हती.

त्या दिवशी मी काय केलं? मटार सोलले. निम्मे कच्चेच खाल्ले. फ्रिज बंद केला, कारण मला एकटीला काळा चहा चालतो, दूध टिकवायची गरज नव्हती. टीव्ही नव्हताच चालू. दुपारी एकच्या सुमारास कंट्रोलरने दाखवलं, बॅटरी पूर्ण भरली. पॅनेलला आता काही काम उरलं नव्हतं आणि मलाही. एक पाणकावळा शेजारच्या बुडालेल्या झाडाच्या शेंड्यावर पंख पसरून वाळत बसला होता. त्याच्याकडे बघत मीही तशीच बसले, पाय लांब करून. बोट वळत होती, त्यामुळे न हलताच मला चारही दिशा दिसत होत्या.

मध्येच मुन्नाची बायको दुसऱ्या डोंगीतून आली. शेजारणीला द्यावं तसं वांग्याचं भरीत आणि गक्कड देऊन गेली. गक्कड म्हणजे गोवरीच्या निखाऱ्यावर भाजलेला कणकेचा जाड गोळा, तुपात बुडवून खातात. मी तिला बस म्हटलं. ती डोंगीतच बसून राहिली, एका हाताने आमच्या बोटीचा काठ धरून.

"हमारा मायका इसी के नीचे है, दीदी," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "गर्मी में पानी उतरता है तो चबूतरा दिखता है।"

"मग जाता का तिथे?" मी विचारलं. मराठीतच तोंडातून गेलं, पण तिला कळलं.

"जाते हैं। थोड़ी देर बैठते हैं। फिर आ जाते हैं।"

एवढंच बोलून ती वल्हं मारत गेली. मी पुष्कळ वेळ त्या दिशेला बघत राहिले. तिला जिथे जायचं होतं ते पाण्याखाली होतं. मला कुठे जायचं होतं हे त्या सकाळपर्यंत मला ठाऊकच नव्हतं.

प्रकाश आला तो प्रसन्न. हातात पेपर, खव्याची जिलेबी आणि तोंडात टपरीवरच्या बातम्या. बोटीत चढला, दोन मिनिटं बसला, मग उतरल्या चेहऱ्याने म्हणाला, "नंदा, खरं सांगू? रागावशील."

"सांगा."

"मला इथे करमून नाही राहिलं. उद्या सकाळीच जाऊ का?"

हेच तर हवं होतं मला. याचसाठी पॅनेल छतावर चढवलं होतं. मी हसून 'बघा, सांगितलं नव्हतं?' म्हणायला हवं होतं. पण मी शेगडी पेटवण्याच्या निमित्ताने पाठ वळवली.

"चार दिवसांचं भाडं ठरलंय," मी म्हटलं.

"भाड्याचं काय एवढं! थंडी आहे, तुझी कंबर..."

"माझी कंबर ठीक आहे."

इतक्या वर्षांच्या संसारात माणूस आवाजावरून ओळखतो. "तुला आवडलं इथे?" त्याने अगदी हळू विचारलं.

मला हो म्हणता आलं नाही. हो म्हटलं असतं तर तो माझ्यासाठी राहिला असता, पेपर आणि मॅच आणि माणसांवाचून कुढत राहिला असता. तसा राहणारा माणूस आहे तो. मी म्हटलं, "मोजमाप पूर्ण व्हायचं आहे. उद्याचा दिवस थांबू."

चौथ्या दिवशी तो बिचारा काठावर मुन्नाच्या अंगणात खाटेवर बसून होता. लोकांना झाशीच्या राणीची गोष्ट सांगत असावा, कारण मधूनच टाळ्या ऐकू येत होत्या. मी बोटीवर होते. मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी दर थोड्या वेळाने मीटर बघत होते. ऊन उतरायला लागलं तसा अँपिअरचा आकडा खाली खाली आला, मग शून्यावर थांबला. मी पॅनेल पुसलं, सोडवलं, गोधडीत गुंडाळलं. मुन्ना नांगर उचलायला आला तेव्हा मला त्याला सांगावंसं वाटलं, थोडं थांब. सांगितलं नाही.

परतताना प्रकाश गाडीत सारखा बोलत होता. तिलवाराच्या अलीकडे एकदम म्हणाला, "बरं, आकडा काय निघाला? किती लागेल?"

मी सांगितलं. तुम्हालाही सांगते, दोन माणसांसाठी. हिशोब पॅनेलपासून सुरू करू नका, आपल्या सवयींपासून करा. दिवसाला दिवे ऐंशी वॅट-तास, उन्हाळ्यात दोन पंखे तीनशे वीस, दोन फोन तीस, टीव्ही एकशे वीस, छोटा फ्रिज तीनशे साठ, पाण्याचा पंप वीस, मिक्सर चाळीस. झाले नऊशे सत्तर. वाटेत जे गळतं त्यासाठी तीस टक्के वाढवा, म्हणजे साडेबाराशेच्या वर. आमच्या भागात हिवाळ्यात सपाट पॅनेलला कामाचं ऊन चारच तासांचं धरा. भागाकार केला की तीनशे पंधरा वॅट येतात. धुक्यासाठी राखून दोनशेची दोन पॅनेल घ्यावीत. दोन दिवस ढग राहिले तरी चालावं म्हणून बॅटरी अडीचशे अँपिअर-तासांची, लिथियम. ॲसिडची स्वस्त पडते, पण अर्धीच वापरता येते, म्हणजे दुप्पट घ्यावी लागते आणि तिच्या वजनाने बोट एका कुशीवर झोपते. पावसाळ्याचा हिशोब मी केलाच नाही. त्या दिवसांत धरणाच्या पाण्यावर राहू नये.

"बापरे," प्रकाश म्हणाला. "एवढं सगळं? जाऊ दे ना. आपल्या गच्चीवरच लावू." आणि त्याने गाणं लावलं.

त्याचं वेड उतरलं ते उतरलंच. आता सकाळच्या चहाला तो राजकारणावर बोलतो. पॅनेल गच्चीवर आहे, जिन्यातला दिवा त्यावर चालतो. संध्याकाळी कपडे काढायला जाते तेव्हा मी त्याच्याजवळ थांबते. विजय नगरच्या गच्च्या, टाक्या, केबलच्या वायरी, खालून स्कूटरचे हॉर्न. बोट वळताना जमीन हळूच सरकायची, ते पायांना आठवतं. दुकानात वाणी चार वेळा विचारतो, "दीदी, और क्या दूँ?" आणि मी पिशवी धरून नुसती उभी.

हे असं मार्चपर्यंत चाललं. मग एका रात्री जेवताना माझ्या तोंडून निघालं.

"अहो, मी एकटीचा हिशोब केला."

"कसला?"

"बोटीचा. फ्रिज नाही, टीव्ही नाही. दिवे पन्नास, एक पंखा एकशे साठ, फोन पंधरा, पंप पंधरा आणि रेडिओ दहा. अडीचशे होतात. आपण नेलं होतं तेवढंच पॅनेल आणि तेवढीच बॅटरी पुरते. धुकं धरूनसुद्धा."

त्याचा घास हातात राहिला. "म्हणजे मला सोडून?"

"सोडून नाही. तुमच्याशिवाय. थोडे दिवस."

"काही चुकलं का माझं?"

"काही नाही चुकलं. तुमचं काहीच नाही चुकलं." माझे डोळे भरून आले, आणि याचा मलाच राग आला. "मला तिथे जायचं वाटून राहिलं, बस. रोज वाटते."

तो उठला, हात धुतले, फिरायला निघून गेला. दुसऱ्या दिवशी कामापुरतंच बोलला. मी मुलीला फोन करून सगळं सांगितलं. तिला मराठी कळतं पण बोलते हिंदीतच. म्हणाली, "आई, पापा को टाइम दो।" मी वेळ दिला. मनात धरलं होतं की नाही म्हणाला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. आणि तसं धरल्यावर रात्री उठून गच्चीवर पॅनेलजवळ जाऊन बसले.

आठवडाभराने तो माझ्याजवळ येऊन बसला. चष्मा पुसत होता, म्हणजे काहीतरी बोलायचं होतं.

"मुन्नाशी बोललो मी. ऊन-पावसाळा जाऊ दे म्हणे, दिवाळीनंतर बोट मोकळीच आहे. त्याची बायको रोज एक चक्कर मारेल तुझ्याकडे. महिन्यातून आठ दिवस जा. सोडायला मी येईन, आणायलाही मीच." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "पण तुझा हिशोब चुकला आहे."

"कुठे?"

"फोनचे पंधराच धरले तू. मी दिवसातून चारदा फोन करीन. तीस धर."

मी तीस धरले.